वास्कोत कोण थांबतं?

गोव्याला मी आजवर किती वेळा गेले याचा हिशेब ठेवलेला नाही. कॉलेजात असताना एसटीने, लग्नानंतर कोकणकन्येने, मग मुलांच्या सुट्ट्यांत गाडी काढून. पण दर वेळी मुक्काम मोजला तो दिवसांत. तासांत मोजण्याची पाळी आली ती गेल्या जानेवारीत, आणि तीही मावशीमुळे.

मावशी शहात्तर वर्षांची. माहेर मालवण, सासर गिरगाव. तिला मरण्याआधी एकदा पुन्हा ‘बोटीनं’ जायचं होतं. आता ती बोट राहिली नाही, हे तिला ठाऊक होतं. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटून रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे थांबे घेत दुसऱ्या दिवशी पणजीला लागणारी आगबोट बंद होऊनही काही दशकं लोटली. मध्यंतरी नव्वदच्या दशकात एक वेगवान कॅटामरान आली आणि गेली, 2018 मध्ये ‘आंग्रिया’ सुरू झाली आणि तीही थांबली. आता आहेत ती क्रूझ जहाजं. मावशी त्यालाही बोटच म्हणते. “बोट ती बोट. वर काय स्विमिंग पूल असला म्हणून काय विमान झालं?”

तर आम्ही निघालो. संध्याकाळी मुंबई सोडायची, सकाळी मुरगाव, संध्याकाळी पुन्हा समुद्रात. मुंबई ते मुरगाव हे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. आजचं जहाज ते भरभर कापू शकतं, पण कापत नाही. रात्री सावकाश चालायचं आणि सकाळी बंदरात टवटवीत उभं राहायचं, हेच तर या धंद्याचं गणित. रात्र जहाजावर खर्च करायला, दिवस किनाऱ्यावर. बंदरात उभं असताना जहाजावरची दुकानं आणि कॅसिनो बहुतेक ठिकाणी बंदच ठेवावे लागतात, त्यामुळे जहाजालाही बंदरात फार रेंगाळण्यात रस नसतो. धक्क्याचं भाडं आणि पायलटचं शुल्क वेगळंच.

रात्री खोलीत आलेल्या पत्रिकेवर छापलं होतं : ‘मुरगाव, 9 ते 5.’ या आठ तासांवर विश्वास ठेवणारा प्रवासी पहिल्यांदाच आलेला असतो. मीही ठेवला. प्रत्यक्षात 9 ही दोर बांधायची वेळ. मग कागदपत्रं, मग शिडी लागणार, मग आधी सहलीच्या बसवाले उतरणार. आमचा नंबर 10 वाजून 20 मिनिटांनी आला. बंदराच्या आवारात क्रेन आणि ट्रकांच्या मधून पायी फिरायला परवानगी नाही, म्हणून फाटकापर्यंत आणखी एक बस. फाटकाबाहेर पाय ठेवला तेव्हा पावणेअकरा. परतीचं तसंच. जहाज 5 ला सुटणार म्हणजे सगळ्यांनी 4 ला आत हवं, म्हणजे फाटकावर साडेतीनला हवं. मावशीने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “पावणेपाच तास. एवढ्यात माझा स्वयंपाक आणि दुपारची झोप होते.”

जहाजावर सहलींचं एक टेबल असतं. जुनं गोवं, मंगेशी, मसाल्याची बाग, तिथेच जेवण, परत. मी ती घेतली नाही. जुनं गोवं बंदरापासून तीसेक किलोमीटर. मसाल्याची बाग फोंड्याच्या बाजूला. चाळीस माणसांची बस भरायला, मोजायला, एखाद्या हरवलेल्या काकांना शोधायला लागणारा वेळ धरला तर निम्मा दिवस खिडकीतूनच बघायचा. अर्थात त्या बसचा एक फायदा मान्य करायला हवा : जहाजाची स्वतःची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. तुम्ही स्वतःच्या पायांनी गेलात आणि उशीर केलात तर ते थांबत नाही. पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं.

फाटकाबाहेर टॅक्सीवाल्यांचा घोळका. “ओल्ड गोवा? पणजी? कलंगुट?” कलंगुट तिथून चाळीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन दोन-अडीच तास गाडीत आणि समुद्र बघायला जेमतेम तेवढेच. तरी सगळ्यात जास्त गिऱ्हाईक कलंगुटचं, असं आमचा चालक पुढे म्हणाला. मी त्याला सांगितलं, आम्हाला सडा, मग वास्को गावात जेवण, मग बोगमाळो. तालुक्याबाहेर नाही. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला.

“वास्कोत कोण थांबतं, मॅडम?”

“आमी थांबतंव,” मावशी मागून म्हणाली. “माका समुद्र बघूचो आसा, गाडी नाय.”

मालवणी ऐकल्यावर त्याचा चेहरा बदलला. तिथून पुढे त्याची कोकणी आणि तिची मालवणी अशी जोडी जमली आणि मी मागच्या सीटवर पाहुणी झाले. जहाज लागतं त्या दिवशी बंदरावरच्या गाड्यांना पाळीने भाडं मिळतं. पाळी आली आणि गिऱ्हाईक जवळचं निघालं की दिवस वाया. म्हणजे आम्ही त्याचा दिवस वाया घालवत होतो. ते त्याने बोलून दाखवलं नाही. मी हिशेब करून दिवसभराचं भाडं ठरवलं, तेव्हा त्याने आरशातून मावशीला विचारलं, “आजी, चाय घेतल्या?”

सडा म्हणजे बंदराच्या डोक्यावरचं पठार. वर जपानी बाग नावाची एक जागा आहे. त्यात जपानी काय आहे हे मला कळलं नाही, पण तिथल्या कठड्यावरून जे दिसतं त्याच्यासाठी लोकांनी कलंगुटला जाऊ नये असं माझं मत झालं. खाली लाटा अडवणारा लांब बांध, नांगरावर उभी मालवाहू जहाजं, समोर झुआरीच्या मुखापलीकडे दोनापावल, काबोवरचं राजभवन आणि पार धुक्यात आग्वादचा डोंगर. पूर्वी याच बंदरातून दोनापावलला लाँच जायची, चालक सांगत होता. रस्त्याने वळसा घालून जिथे तास जातो, तिथे सरळ पाण्यावरून.

इथे किल्ला होता. सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला. आता भिंतींचे तुकडे उरलेत. त्याची गोष्ट महाराष्ट्रात जितकी सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही. 1683 च्या नोव्हेंबरात संभाजीराजांच्या फौजेने जुवे बेटावरचा किल्ला घेतला. जुवे म्हणजे राजधानीच्या, जुन्या गोव्याच्या, अगदी दारात. व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर तो परत घ्यायला गेला आणि जीव वाचवून मागे आला. मग, असं सांगतात, त्याने राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी ठेवला आणि आता गोवा तुम्हीच सांभाळा म्हणाला. मुघल फौज कोकणात उतरल्यामुळे संभाजीराजांना मागे फिरावं लागलं आणि शहर वाचलं. पण भीती इतकी बसली होती की राजधानी इथे मुरगावच्या टेकाडावर हलवायचं ठरलं. बांधकामं सुरू झाली, रेंगाळली, पैसे संपले, व्हाइसरॉय बदलले. शेवटी 1843 मध्ये राजधानी गेली ती पणजीला. आमच्याच जहाजातून निघालेल्या बसा त्या वेळी जुन्या गोव्याकडे, साथींनी रिकामी झालेल्या राजधानीकडे धावत होत्या. आणि बंदराच्या डोक्यावर, पायी चढता येईल एवढ्या अंतरावर, कधी झालीच नाही ती राजधानी उभी होती. तिथे आमच्याखेरीज एक शेळी आणि दोन कॉलेजातली पोरं होती.

खालच्या पाण्यात जे घडलं त्याच्यावर तर सिनेमाही निघालाय. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनीची तीन आणि इटलीचं एक जहाज या बंदरात आसऱ्याला आली. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून इथे कुणी हात लावणार नाही. जर्मन जहाजांपैकी ‘एरेनफेल्स’वरून मित्रराष्ट्रांच्या जहाजांच्या हालचाली पाणबुड्यांना कळवल्या जातात, असा इंग्रजांचा संशय होता. तटस्थ बंदरात सैन्य घुसवता येईना, म्हणून कलकत्त्याच्या कॅलकटा लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले, दिवसा कचेऱ्यांत काम करणारे पोट सुटलेले साहेबलोक एका जुनाट बार्जमध्ये बसून अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून आले. 9 मार्च 1943 च्या रात्री त्यांनी ‘एरेनफेल्स’वर चढाई केली आणि चारही जहाजं बुडाली, बरीचशी त्यांच्याच खलाशांनी बुडवलेली. पण मला त्यातला आवडलेला भाग वेगळाच. त्या रात्री जहाजांवर कमीत कमी माणसं असावीत म्हणून गावात आधीच पैसे पेरून मोठी मेजवानी ठेवली होती आणि बंदरातल्या खलाशांना फुकटचं आवतण होतं, असं सांगतात. साडेतीन वर्षं एका जागी अडकलेल्या माणसांना किनाऱ्यावरचे चार तास मिळाले. ज्यांनी ते घेतले, ते परत आले तेव्हा जहाज नव्हतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इथे दोन मोठी प्रवासी जहाजं एकाच धक्क्यावर लागली. एक स्वीडनचं ‘ग्रिप्सहोम’, अमेरिकेतून जपानी नागरिकांना घेऊन आलेलं. दुसरं जपानी ‘तेइया मारू’, चीन-जपानमध्ये अडकलेल्या अमेरिकी आणि कॅनेडियन लोकांना घेऊन. प्रत्येकी सुमारे दीड हजार माणसं. तटस्थ भूमीवर त्यांची अदलाबदल झाली. या जहाजातून उतरून त्या जहाजात चढायचं, एवढंच. कित्येकांनी भारताची जमीन पाहिली ती फक्त या धक्क्यापुरती. मी हे सगळं मावशीला सांगत होते. ती समोरच्या पाण्याकडे बघत म्हणाली, “आणि एकसष्ट?” तेही इथलंच. 18 डिसेंबर 1961 ला ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या आपल्या युद्धनौकांनी ‘अफोन्सो द आल्बुकेर्क’ या पोर्तुगीज जहाजाला याच मुखात गाठलं. ते जहाज जखमी होऊन पलीकडे बांबोळीच्या किनाऱ्याला जाऊन रुतलं. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त. मावशी तेव्हा शाळेत होती. “मालवणात तोफा ऐकू आल्या असं सगळे म्हणायचे. मला काही आल्या नव्हत्या. पण आल्या म्हटलं.”

वास्को गाव सुंदर नाही, हे आधी कबूल करते. रेल्वे, बंदर, नौदलाचा तळ, दाबोळीचा विमानतळ या चौघांनी वाढवलेलं गाव आहे ते. 1880 च्या दशकात इंग्रजी भांडवलावर मुरगाव बंदर बांधायला घेतलं गेलं आणि इथून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज रूळ टाकले गेले. तेव्हापासून हे गाव माल चढवतं आणि उतरवतं. आधी खनिज, आता त्यात कोळसाही. जिथे आम्ही जेवलो, त्या खाणावळीच्या मालकाने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवून मला दाखवलं. काळं. कोळशाच्या धुळीविरुद्ध वास्कोचे लोक वर्षानुवर्षं बोलत आलेत. पर्यटकाला ती दिसत नाही, कारण पर्यटक इथे थांबत नाही.

पण ताट! हुमण, तळलेल्या लेप्या, सुकटीची किसमूर, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी. मावशीने पहिल्या घासानंतर डोळे मिटले आणि मग एवढंच म्हणाली, “तिरफळं बरोबर पडलीत.” जहाजावर रात्री सात प्रकारची मिष्टान्नं होती. त्यातल्या एकाबद्दलही ती असं बोलली नव्हती.

आमच्या शेजारच्या टेबलावर एक जोडपं आणि दीड-दोन वर्षांचं पोर. पोर आईला चिकटून बसलेलं. पुरुषाने वर बघितलं आणि चटकन उभा राहिला. साध्या टी-शर्टमध्ये मी त्याला ओळखलंच नाही. आदल्या रात्री आमच्या टेबलावर वाढणारा तो. जहाजावर मला ‘मॅडम’ आणि मावशीला ‘मॅम’ म्हणणारा मुलगा इथे म्हणाला, “मावशी, जेवण बरं आहे ना?” घर सासष्टीत, सात महिन्यांचा करार, पाचवा महिना चालू. घरी जाऊन येण्याइतका वेळ नाही, म्हणून बायको बसने वास्कोला आलेली. पोराशी ओळख करून घ्यायचं काम चाललं होतं. तो चमचा पुढे करायचा, पोर तोंड फिरवायचं. आम्ही जास्त बोललो नाही. त्यांचे तास आमच्यापेक्षा कमी होते.

गोव्यात जहाजावर काम करणाऱ्याला तारवटी म्हणतात. मावशीला हा शब्द माझ्याआधीपासून माहीत. गिरगावातून धोबीतलावाकडे जाताना जेर महाल लागतो, तिथल्या ‘कुडी’ तिने पाहिल्या आहेत. कूड म्हणजे एकेका गावाचा क्लब. मुंबईच्या बंदरातून जहाज मिळेपर्यंत त्या गावच्या तारवट्याने तिथे राहायचं, भिंतीशी आपली ट्रंक ठेवायची, संध्याकाळी गावच्या संताच्या वेदीपुढे प्रार्थनेला उभं राहायचं. पिढ्यान् पिढ्या गोव्याची माणसं अशीच समुद्रावर गेली. आधी ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर आचारी आणि खानसामे म्हणून, आता क्रूझवर. 2020 च्या टाळेबंदीत ही माणसं जगभरच्या जहाजांवर अडकली. काहींचं जहाज तर मुंबईच्या समोर उभं होतं आणि उतरायला परवानगी नव्हती. किनारा दिसतो आणि पाय टेकत नाही. आपण सुट्टीचे तास मोजताना कुरकुरतो, त्या जहाजाच्या पोटात तेच तास महिन्यांनी मोजणारी शेकडो माणसं असतात.

बाजारातून जाताना चालकाने दामोदराचं देऊळ दाखवलं. श्रावणात इथे भजनी सप्ताह होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथ आली तेव्हा देवाला साकडं घालून सुरू झालेला. नाव सप्ताह, पण चालतो पुरते चोवीस तास, एक क्षणही भजन न थांबता. गावातल्या वेगवेगळ्या मंडळांची, व्यवसायांची पारं एकापाठोपाठ येतात आणि आपापला वेळ राखतात. “सात दिवसांचं काम एका दिवसात,” मावशी म्हणाली. “क्रूझवाल्यांनी यांच्याकडूनच शिकावं.”

बोगमाळोला पोचलो तेव्हा दोन वाजायला आले होते. वाटेत नौदलाचं विमान संग्रहालय लागलं, आवारात जुनं सुपर कॉन्स्टेलेशन उभं असलेलं. मला उतरायचं होतं. मावशीने घड्याळाकडे बोट दाखवलं.

बोगमाळो म्हणजे दोन टेकाडांमध्ये अडकलेली वाळूची लहानशी कमान. पूर्ण चालून जायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पलीकडे समुद्रात ग्रँड आयलंड, डोक्यावर दर थोड्या वेळाने दाबोळीला उतरणारं विमान, चाकं बाहेर काढलेलं, खिडक्या मोजता येतील इतकं खाली. पावसाळ्यानंतर बांधायचे आणि मे अखेरीस उतरवायचे असे माडाच्या झावळ्यांचे दोन-चार शॅक. होड्या वाळूवर ओढलेल्या. दुपारचं ऊन तापलेलं, त्यामुळे गर्दी नव्हती.

मावशीने चपला काढून हातात घेतल्या, लुगड्याचा काठ जरा उचलला आणि पाण्यात उभी राहिली. पहिली लाट घोट्यापर्यंत, दुसरी पोटरीपर्यंत. मग तिने काठ सोडून दिला.

“आमची बोट मालवणला धक्क्याला लागत नसे,” ती म्हणाली. “बाहेर उभी राही. मग होड्या यायच्या. खलाशी तुमचं बखोट धरायचा, होडी वर आली की सोडायचा. वर आली की! खाली गेली असताना सोडलं तर गेलात. माझी आई डोळे मिटायची. तिला ‘रामदास’ बोट आठवायची.” ‘रामदास’ 17 जुलै 1947 ला रेवसच्या वाटेवर उलटली आणि सहाशेवर माणसं गेली, कोकणातल्या त्या पिढीच्या बायकांनी ते नाव आयुष्यभर मनात ठेवलं. “आणि डेकवर सतरंजी. ‘रोहिणी’ असो की ‘कोकणसेवक’, जागा धरायला धावाधाव. रात्रभर कुणीतरी ओकत असायचं. पण उतरलं की घर. आता झोपायला गादी आहे, आणि उतरलं की टॅक्सी.”

मी शहाळं आणायला गेले. शॅकवाल्याला विचारलं, जहाजातले लोक येतात का? “येतात, पण बसत नाहीत,” तो म्हणाला. “मोबाइल काढतात, फोटो, पाण्यात पाय, परत गाडी. एक बिअरसुद्धा संपवत नाहीत. सारखं घड्याळ.” त्याच्या मते मुक्कामाचा पर्यटक हाच खरा. मला ते पटलं, आणि मी घड्याळाकडे बघितलं. अडीच.

पावणेतीनला निघालो. विमानतळाच्या वळणावर गाड्यांची रांग लागली आणि मला दरदरून घाम फुटला. मावशी आणि चालक निवांतपणे माशांच्या भावांवर बोलत होते. फाटकावर तीन वाजून पंचवीस. चालकाने ठरल्यापेक्षा पन्नास रुपये कमी घेतले. कारण विचारलं तर मावशीकडे बघून हसला.

वरच्या डेकवर जाऊन उभे राहिलो. चारनंतर दहा मिनिटांनी दोन तरुण धक्क्यावरून धावत आले. अंगात तेवढ्यात घेतलेले रंगीत शर्ट, हातात काजूच्या पिशव्या. कलंगुट. शिडी अजून लागलेली होती. डेकवरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खालच्या एका दाराने कर्मचारी आत येत होते, एकेक, ओळखपत्र दाखवत. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा त्यांत दिसला. बायको फाटकाबाहेरच राहिली असणार. वरून फाटक दिसत नाही.

पाचनंतर टगबोटीने जहाज वळवलं, सड्याचं टेकाड मागे पडलं. परत जाताना किनारा उजव्या हाताला, हे मावशीने मुंबईहूनच पाठ करून ठेवलं होतं. सातला खाली गाण्याचा कार्यक्रम सुरू झाला, साडेसातला जेवण. ती हलली नाही. कठड्याशी खुर्ची ओढून अंधारात बघत बसली. आठच्या सुमारास लांब एक दिवा लुकलुकला, विझला, लुकलुकला.

“वेंगुर्ल्याची बत्ती,” ती म्हणाली. मी खात्री करायला मोबाइल काढला. तिथे नेटवर्क नव्हतं.

थोड्या वेळाने तो मुलगा सूपचा कप घेऊन वर आला. आमचं टेबल रिकामं बघून स्वतःच शोधत आला असावा. पुन्हा पांढरा शर्ट, काळी पँट. मावशीने कप घेतला.

“किती तास मिळाले तुला?”

“दोन तास दहा मिनिटं.”

“आणि पोर? आलं का तुझ्याकडे?”

“शेवटी आलं, मावशी,” तो म्हणाला. “फाटकापाशी. मग सोडेना.”

मावशी पुढे काही बोलली नाही. तो कप रिकामा व्हायची वाट बघत उभा राहिला, आणि ती सूप घोटघोट, अगदी सावकाश पीत राहिली.